‘मले त्याले’पासून ‘आय कान्ट टेल हिम’पर्यंत

बुलढाण्यात वाढलेल्या जिभेला इंग्रजीतला नकार इतका अवघड का जातो? दोष तुमच्या हुशारीचा नाही, एका छोट्याशा ‘ले’चा आहे!

रविवारी रात्री बुलढाण्याहून निघालेली ट्रॅव्हल्स सोमवारी सकाळी पुण्यात सोडते. डोळ्यांत झोप, सॅकमध्ये आईने दिलेला ठेचा आणि दहा वाजता क्लायंटचा कॉल. तो पलीकडून विचारतो, ‘‘कान्ट यू सेंड इट टुडे?’’ मनात उत्तर तयार असतं: हो ना, आज नाही जमणार. पण तोंडातून निघतं फक्त, ‘‘येस!’’ क्लायंट खूश. ‘‘ग्रेट, थँक्स!’’ म्हणून फोन बंद. आता बसा रात्री अकरापर्यंत ऑफिसात, कारण तुमचा नकार समोरच्याने होकार म्हणून लिहून घेतलाय.

मराठीत ‘हो’ म्हणजे ‘तुम्ही म्हणताय ते बरोबर’. इंग्रजीत ‘येस’ म्हणजे ‘पाठवू शकतो’. जमणार नसेल तर उत्तर एकच: ‘‘नो, आय कान्ट सेंड इट टुडे.’’

अशी फजिती झाली की आपण लगेच म्हणतो, आपलं इंग्लिशच कच्चं! राज्यातल्या मराठी शाळांत इंग्रजी पहिलीपासून आलं ते 2000 साली. त्याआधीच्या मुलांची एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची. पण पहिलीपासून शिकलेलेही इथे अडखळतात, कारण घोळ शाळेचा कमी आणि मराठीच्या वळणाचा जास्त आहे.

दोन ‘ले’, दोन कामं

खामगाव-शेगावकडे आपण सहज म्हणतो, ‘मले त्याले सांगता येत नाही.’ पुस्तकी मराठीत ‘मला त्याला’. दोन्हीकडे ‘ले’ आहे, पण काम वेगळं. पहिला ‘ले’ ज्याला जमत नाही त्याचा, दुसरा ज्याला सांगायचंय त्याचा. इंग्रजीत पहिला उठून ‘आय’ होतो, दुसरा मागे ‘हिम’ होतो: ‘आय कान्ट टेल हिम.’

‘ले’ म्हणजे ‘हिम’ असं गणित डोक्यात बसलं, की ‘त्याले येता येत नाही’चं ‘हिम कान्ट कम’ होतं. हवं ‘ही कान्ट कम’. कान्ट, वोन्ट, शुडन्टच्या आधी आय, ही, शी, वी, दे. क्रियापदानंतर मी, हिम, हर, अस, देम. (त्यात इंग्रजीतला ‘मी’ म्हणजे आपला ‘मला’. घ्या, आणखी एक गोंधळ!)

शेवटून वाचा

‘मी त्याला सांगू शकत नाही.’ यातल्या ‘मी’ला जागेवर राहू द्या. बाकीचं वाक्य शेवटून वाचा: नाही, शकत, सांगू, त्याला. ‘नाही’ आणि ‘शकत’ मिळून ‘कान्ट’, ‘सांगू’चं ‘टेल’, ‘त्याला’चं ‘हिम’. झालं की वाक्य! ‘ती आम्हाला थांबवू शकत नाही’ म्हणजे ‘शी कान्ट स्टॉप अस’. ‘पिक अप’सारखं दोन तुकड्यांचं क्रियापद असेल तर छोटा शब्द मध्ये बसतो: ‘आय कान्ट पिक हिम अप.’

खरी अडचण इथेच आहे. मराठीत नकार गाडीच्या शेवटच्या डब्यात बसतो. ‘मी तुम्हाला आज ती फाइल पाठवू...’ इथपर्यंत येऊन साहेबांचा चेहरा बघता येतो आणि ‘शकेन’ की ‘शकणार नाही’ ते ऐनवेळी ठरवता येतं. इंग्रजीत नकार इंजिनालाच जोडलेला. दुसऱ्याच शब्दाला ‘कॅन’ की ‘कान्ट’ हे सांगून टाकावं लागतं. व्याकरण येत असूनही आपण अडखळतो, कारण मनाची तयारी झालेली नसते.

गाळलेला ‘इट’, साहेबांचे ‘देम’

‘फाइल पाठवली का?’ ‘नाही, पाठवता येत नाहीये.’ मराठीत वस्तूचं नाव पुन्हा घ्यावं लागत नाही. इंग्रजीत नुसतं ‘आय कान्ट सेंड’ म्हटलं की वाक्य लोंबकळतं. ‘इट’ हवाच.

उलट साहेबांसाठी आपण आदराने ‘त्यांना’ म्हणतो आणि इंग्रजीत ‘आय कान्ट डिस्टर्ब देम’ ठोकून देतो. ऐकणाऱ्याला प्रश्न, केबिनमध्ये बसलेत तरी किती जण? एका सरांसाठी ‘हिम’, मॅडमसाठी ‘हर’. आदर कमी होत नाही, तो आवाजात असतो. (कुणी स्वतःसाठी ‘दे-देम’च निवडलं असेल, तर अर्थातच तेच वापरा.)

‘नको’ म्हणजे नेमकं काय?

‘त्यांना मेल पाठवायला नको.’ पाठवला तर पंचाईत होईल, की नाही पाठवला तरी चालेल? मराठीत सुरावरून कळतं. इंग्रजीत मात्र वाक्यंच वेगळी. सक्त मनाई असेल तर ‘यू मस्टन्ट मेल देम’. गरज नसेल तर ‘यू डोन्ट हॅव टू मेल देम’. ‘पाठवू नये’ असा सल्ला असेल तर ‘यू शुडन्ट मेल देम’. मनाई करायची असताना ‘डोन्ट हॅव टू’ म्हणालात आणि ज्युनियरने आतले दर क्लायंटला पाठवून दिले, तर चूक त्याची नाही!

सोमवारच्या कॉलआधी

• ‘कान्ट यू’ने सुरू होणाऱ्या प्रश्नाला नुसतं येस-नो नको. पूर्ण वाक्य बोला.
• अमेरिकन कानाला ‘कॅन’ आणि ‘कॅन्ट’ फोनवर सारखेच वाटू शकतात. नकारावर जोर द्या, नाहीतर सरळ ‘कॅनॉट’ म्हणा.
• ‘ही कान्ट एक्सप्लेन मी’ नको. ‘ही कान्ट एक्सप्लेन इट टू मी’.
• नकारापाठोपाठ पर्याय द्या: ‘आय कान्ट सेंड इट टुडे, बट आय कॅन सेंड इट टुमॉरो.’

वेळेत दिलेला स्वच्छ नकार क्लायंटला चालतो. त्याला चालत नाही तो होकार देऊन मोडलेला शब्द. तेव्हा ऑफिसात ‘कान्ट’ दुसऱ्याच शब्दाला सांगून मोकळे व्हा.

आणि संध्याकाळी घरून फोन आला, ‘या शनिवारी येतं का रे?’ तर तिथे खुशाल म्हणा, ‘पाहतो ना, माय!’ तिला त्यातलं ‘नाही’ बरोबर ऐकू येतं.