रक्ताची मिजास

खारघरला टाटा मेमोरियलचे कर्करोग संशोधन केंद्र आहे, ‘अ‍ॅक्ट्रेक’. अशा ठिकाणी रक्ताची, मज्जेची तपासणी झाली की कधी कधी रिपोर्टवर ‘प्लाझ्मा सेल डिसक्रेसिया’ हे शब्द येतात आणि घरचे चक्रावतात. साहजिक आहे, ते कुठल्या एका आजाराचे नाव नव्हेच.

‘डिसक्रेसिया’ मूळचा ग्रीक, म्हणजे बिघडलेले मिश्रण. रक्त, कफ, पिवळे पित्त आणि काळे पित्त यांचे प्रमाण चुकले की माणूस आजारी पडतो, असे दुसऱ्या शतकातला गॅलन मानत असे. अरबी वैद्यांनी या मिश्रणाला ‘मिजाज’ म्हटले. मराठीत त्याचीच मिजास झाली. आपण त्यातले वैद्यक सोडले, तोरा तेवढा ठेवला. युनानी हकीम ‘सू-ए-मिजाज’ हे निदान आजही करतात, आणि युनानीची संशोधन संस्थाही खारघरमध्येच आहे.

युरोपात या कल्पनेचा शेवटचा मोठा कैवारी व्हिएन्नाचा रोगशास्त्रज्ञ रोकिटान्स्की. हजारो शवविच्छेदनांचा अनुभव गाठीशी असूनही १८४६च्या ग्रंथात त्याने रोगांचे मूळ रक्तातल्या प्रथिनांच्या बिघाडात शोधले. पंचविशीतल्या विर्शो या जर्मन रोगशास्त्रज्ञाने हे मत असे झोडपले की पुढच्या आवृत्तीत रोकिटान्स्कीने ते गाळून टाकले. १८५८मध्ये विर्शोने रोगाचा पत्ता पेशीत दाखवला. ‘डिसक्रेसिया’ हा शब्द मात्र टिकला, मुख्यतः रक्ताच्या विकारांपुरता.

प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडे बनवतात, नाना तऱ्हेची. त्यातल्या एकाच पेशीची पिलावळ माजली की एकाच साच्यातले प्रथिन, म्हणजे ‘एम प्रथिन’, रक्तात साचते. प्रथिने वेगळी करणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस तपासणीच्या आलेखावर पसरट टेकाडाच्या जागी अरुंद सुळका उभा राहतो. म्हणजे रोकिटान्स्कीचा प्रथिनांचा बिघाड इथे खरोखर सापडतो, फक्त तो रोगाचे कारण नसून परिणाम असतो. प्रमाणाची भाषाही सुटलेली नाही: प्रतिपिंडांच्या कप्पा आणि लॅम्बडा या मुक्त साखळ्यांचे गुणोत्तर एरवी ०.२६ ते १.६५ असते, ते ढळले की डॉक्टर सावध होतात.

पण डिसक्रेसिया म्हणजे मायलोमाच, म्हणजे प्लाझ्मा पेशींचा कर्करोगच, असे नाही. एम प्रथिन डेसिलिटरला ३ ग्रॅमच्या आत, मज्जेतल्या विकृत पेशी १० टक्क्यांच्या आत आणि हाडे, मूत्रपिंडे, हिमोग्लोबिन, कॅल्शियम ठीक असेल, तर त्याला ‘एमगस’ म्हणतात. अशांपैकी वर्षाला साधारण एक टक्का लोकांचा आजार पुढे सरकतो. बाकीच्यांना बहुधा औषध लागत नाही. डॉक्टर सांगतील तेव्हा रक्त तपासून घ्यायचे.