मनोदशेची ओळख आणि निर्णय

भावना आणि मनोदशा हे शब्द व्यवहारात पुष्कळदा एकाच अर्थाने योजले जातात. परंतु मानसशास्त्रात त्यांमध्ये भेद करणे अगत्याचे ठरते. भावनेला विषय असतो. राग कोणाचा तरी येतो, भय कशाचे तरी वाटते. मनोदशेला असा निश्चित विषय नसतो. ती सौम्य असते, रेंगाळते, आणि तिच्या उगमाचे विस्मरण झाले तरी तिची छटा पुढील अनुभवांवर पडत राहते. भावनेपेक्षा ती ओळखणे कठीण, ते यामुळेच.

नॉर्बर्ट श्वार्झ व जेराल्ड क्लोर यांनी १९८३ मध्ये प्रसिद्ध केलेला प्रयोग सुपरिचित आहे. दूरध्वनीवरून जीवनविषयक समाधान विचारले असता पावसाळी दिवशी उत्तरे अधिक असमाधानाची आली. परंतु आरंभी हवेची सहज चौकशी केली, तेव्हा हा फरक मावळला. खिन्नतेचे कारण ध्यानात येताच ती जीवनाविषयीचा पुरावा म्हणून ग्राह्य राहिली नाही, असा अर्थ त्यांनी लावला. या निष्कर्षास मर्यादा आहेत. २०१३ मध्ये लुकस व लॉलेस यांनी दहा लाखांहून अधिक अमेरिकनांची उत्तरे तपासली असता हवामान व समाधान यांत विश्वसनीय संबंध आढळला नाही. उदाहरण डळमळले, मनोदशा पुराव्याची जागा केव्हा घेते, हा प्रश्न मात्र शिल्लक राहिला.

ओळखण्याच्या क्रियेत नामकरणाचे महत्त्व मोठे आहे. लीबरमन व सहकाऱ्यांच्या २००७ मधील प्रयोगात, चित्रातील चेहऱ्यावरील भावनेसाठी शब्द निवडताना मेंदूतील अमिग्डला या भागाची प्रतिक्रिया मंदावली. चेहऱ्यासाठी व्यक्तिनाम निवडताना तशी मंदावली नाही. ही भावना परक्याची होती, हे येथे विसरता कामा नये.

नामकरणासाठी मराठीत शब्दांची वाण नाही. चीड अन्यायाची येते. वैताग त्याच त्या कटकटीचा येतो. हुरहूर कशाची, हे पुष्कळदा सांगताच येत नाही. ‘मन लागत नाही’ एवढ्यावर थांबणाऱ्यास हे भेद, आणि त्यांबरोबर कारणेही, अंधुकच राहतात.

रात्री उशिरा स्वतःचा प्रबंध निरर्थक ठरविणारा विद्यार्थी आणि गठ्ठ्यातील शेवटच्या उत्तरपत्रिकेवर गुण मांडणारा परीक्षक, या दोघांपुढे प्रश्न एकच असतो: हा निर्णय समोरील लेखनाचा, की दिवसभराच्या शिणवट्याचा? उत्तर दर वेळी मिळेलच असे नाही. तथापि प्रश्न न विचारता दिलेल्या गुणांची किंमत दुसऱ्या कोणास तरी मोजावी लागते.