हक्काचे घर (भाग ९) : आई आहे, म्हणून दत्तक नाही?

संगोपनात असलेल्या मुलाला कायमचे घर दोन टप्प्यांनी मिळते. आधी ते मूल दत्तकासाठी कायद्याने मोकळे व्हावे लागते, मग त्याला कुटुंब मिळावे लागते. चर्चा होते ती दुसऱ्या टप्प्याची; गाडे अडते ते पहिल्यावर. ‘कारा’ या केंद्रीय दत्तक प्राधिकरणाकडे नाव नोंदवून वाट पाहणारी कुटुंबे तीस हजारांहून अधिक आहेत. देशभरात वर्षाला होणारी दत्तकविधाने मात्र चार-साडेचार हजारांच्या घरात असतात, आणि त्यात महाराष्ट्राचा वाटा सर्वांत मोठा असतो. म्हणजे कुटुंबांचा तुटवडा नाही. दुसऱ्याच्या घरी वाढणाऱ्या ज्या मुलाच्या कागदावर ‘आई आहे’ एवढे दोन शब्द असतात, ते मूल या रांगेसमोर उभेच राहू शकत नाही.

जामनेर तालुक्यातल्या पहूर परिसरातून एका कुटुंबाने याच अडचणीविषयी विचारले आहे. शेजारची मुलगी त्यांच्या घरी राहते. वडील वारले, आईने दुसरे घर केले, सांभाळणारी आजीही गेली. मुलगी त्यांना आई-बाबा म्हणते. शाळेत त्यांचे आडनाव लावता येईल का, असा प्रश्न आहे. हा भाग मामा-काका-आजोबांनी घेतलेल्या दत्तकाविषयी असणार होता, तो आता पुढच्या आठवड्यात. पहूरचा प्रश्न एका घराचा नाही. खानदेशात गावोगाव अशी घरे आहेत आणि त्यांना उत्तर देणारे कोणी भेटत नाही.

सर्वप्रथम पाहायचे ते मूल घरात कोणत्या वाटेने आले आहे. नुसते माणुसकीने ठेवून घेतलेले मूल कायद्याच्या नजरेत कोणाच्याच ताब्यात नसते. महाराष्ट्रात बालसंगोपन योजना आहे. तिचे आताचे नाव क्रांतिज्योती सावित्रीबाई फुले बालसंगोपन योजना. तिच्यातून मुलाच्या खर्चासाठी महिन्याला २,२५० रुपये मिळतात. २०२३ पर्यंत ही रक्कम १,१०० रुपये होती. योजनेतली बहुसंख्य मुले एकट्या आईकडे किंवा नातेवाइकांकडे राहतात, म्हणजे ती खरे तर घरच्याच माणसांना दिलेली मदत आहे. बाल न्याय अधिनियम २०१५ च्या कलम ४४ मधले प्रतिपालकत्व, म्हणजे फॉस्टर केअर, याहून निराळे आहे. तिथे बाल कल्याण समिती मुलाला रक्ताचे नाते नसलेल्या कुटुंबाकडे लेखी आदेशाने सोपवते, मुदत ठरवते आणि अधूनमधून घरी येऊन पाहणी करते. अनुदानाची पावती म्हणजे हा आदेश नव्हे. पहूरच्या घरात पावती असेल, पण आदेश नसेल, तर दत्तकासाठी लागणाऱ्या प्रतिपालकत्वाच्या दोन वर्षांतला त्यांचा एक दिवसही अजून मोजला गेलेला नाही. म्हणून जळगावच्या बाल कल्याण समितीपुढे किंवा जिल्हा बाल संरक्षण कक्षात मुलीची रीतसर नोंद करून घेणे हे पहिले काम. दोन वर्षे उलटून गेल्यावर ते करण्यापेक्षा आज करावे.

त्यापुढचा प्रश्न मूल दत्तकासाठी मोकळे होण्याचा. कायद्याने याच्या ठळक वाटा तीन आहेत : अनाथ, टाकून दिलेले आणि पालकांनी स्वतः सुपूर्द केलेले मूल. टाकून दिलेल्या मुलाच्या बाबतीत फोटोसह माहिती वर्तमानपत्रात येते, शोध घेतला जातो, आणि कोणी पुढे आले नाही तर दोन वर्षांपर्यंतचे मूल दोन महिन्यांत, त्याहून मोठे मूल चार महिन्यांत मोकळे घोषित करायचे असते. त्यासाठी समितीच्या किमान तीन सदस्यांचा निर्णय लागतो. बसस्थानकावर किंवा कापसाच्या शेतात सापडलेल्या तान्ह्या बाळाची वाट अशी बरीचशी सरळ असते. १०९८ या क्रमांकावर फोन जातो, बाळ विशेष दत्तक संस्थेत पोचते आणि सहसा वर्षाच्या आत त्याला घर मिळते.

आई-वडिलांपैकी एक जण हयात असलेल्या मुलाचे तसे होत नाही. खानदेशात विधवेच्या पुनर्विवाहाला, म्हणजे पाटाला, अनेक समाजांत पूर्वापार मान्यता आहे, आणि ही या मुलखाची मोठी जमेची बाजू आहे. ज्या काळात पुण्या-मुंबईत विधवेच्या लग्नासाठी चळवळी कराव्या लागत होत्या, त्या काळात इथल्या शेतकरी समाजात पाट लागत होते. पण पाट लागताना पहिल्या घरचे मूल बहुतेक वेळा मागे राहते. नवे घर त्याला घ्यायला तयार नसते, किंवा पहिल्या घरचे आजी-आजोबा ‘आमच्या पोराची निशाणी’ म्हणून त्याला सोडत नाहीत. आजी असेपर्यंत ते निभते. आजी गेली की मूल मामाकडे, मावशीकडे, नाही तर शेजारी जाते. आई जिवंत असते, दोन तालुके पलीकडे किंवा सुरतेकडे असते, सणाला कधी येते, कधी येत नाही. तिने मुलाला टाकलेले नसते आणि सुपूर्दही केलेले नसते. मूल अनाथही ठरत नाही. तिन्ही रकान्यांत ते बसत नाही.

अशा मुलांसाठी अलीकडच्या नियमांनी आणखी दोन रकाने उघडले आहेत. पालक मुलाला भेटायलाच येत नसतील, किंवा व्यसन, छळ, दुर्लक्ष, गंभीर मानसिक आजार अशा कारणांनी सांभाळ करण्याच्या स्थितीत नसतील, तर चौकशीनंतर समिती त्या मुलाचाही विचार करू शकते. सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२३ मध्ये राज्यांना सांगितले की बालगृहांतली अशी मुले दर दोन महिन्यांनी मोहीम काढून शोधावीत. आदेश मोलाचा आहे. पण त्याचा झोत पडतो तो संस्थांच्या भिंतींच्या आत. वर्षभर कोणी भेटायला न आलेले बालगृहातले मूल भेटीच्या नोंदवहीवरून कळते. पहूर, नेरी किंवा शेंदुर्णीच्या एखाद्या घरात वाढणाऱ्या मुलाच्या भेटींची नोंद ठेवणारी वही कुठेच नसते. ज्याला बालगृहाऐवजी घर मिळाले, तेच मूल कायमच्या घराच्या यादीतून गळते, हा या व्यवस्थेतला सर्वांत जाचक दोष आहे आणि तो दूर करता येण्याजोगा आहे.

तो दूर करण्याचे साधन गावातच आहे. प्रत्येक गावी ग्राम बाल संरक्षण समिती असायला हवी. सरपंच तिचे अध्यक्ष आणि अंगणवाडी सेविका सदस्य सचिव. अंगणवाडी सेविकेला कोणते लेकरू कोणाकडे आहे, कधीपासून आहे, आई शेवटची कधी येऊन गेली, हे पाठ असते. ही माहिती तिच्या डोक्यातून कागदावर आली, वर्षातून दोनदा ठरावात लिहिली गेली आणि त्याची प्रत जळगावच्या कक्षाला पोचली, की बाल कल्याण समितीपुढे पुरावा उभा राहतो. पहूरच्या कुटुंबानेही आजपासून साध्या वहीत तारखा लिहाव्यात : आईचा फोन आला, आली नाही, पैसे पाठवले, पाठवले नाहीत. तिच्यावर ठपका ठेवण्यासाठी ही वही नाही. ती नियमित येत असेल, तर तेही त्याच वहीतून दिसेल, आणि मग दत्तकाचा विचार सोडून संगोपनच सुरू ठेवणे योग्य ठरेल.

आईचा ठावठिकाणा माहीत असेल, तर सर्वांत स्वच्छ वाट तिच्याकडूनच जाते. ती समितीपुढे येऊन सुपूर्दनामा करू शकते. त्याआधी तिचे समुपदेशन होते, आणि सही केल्यानंतरही विचार बदलायला तिला ६० दिवस असतात. या काळात कोणी तिच्यावर दडपण आणू नये, उलट तिला आपला निर्णय पुन्हा तपासता यावा, यासाठीच हा अवधी आहे. सुपूर्दनामा गावच्या पंचांपुढे किंवा शंभर रुपयांच्या मुद्रांकावर होत नाही. तसे कागद खानदेशात आजही निघतात आणि त्यांना काडीचीही किंमत नसते. पैशांची देवघेव झाली असेल, तर तो मुलांच्या विक्रीचा गुन्हा ठरतो. कलम ८१ खाली पाच वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाख रुपये दंड आहे. मुलाच्या भल्यासाठी पोटच्या लेकरावरचा हक्क सोडणाऱ्या बाईकडे गाव ज्या नजरेने पाहते, ती नजर बदलली तर अर्धी प्रकरणे सुटतील. तिची सही म्हणजे टाकून देणे नव्हे. मुलाचे नाव, शाळा आणि वारसा मार्गी लागावा म्हणून केलेले ते अवघड काम आहे.

मूल मोकळे झाले, तर ज्यांनी इतकी वर्षे सांभाळले त्यांचा हक्क काय? पूर्वी संगोपनाची पाच वर्षे पूर्ण झाल्याखेरीज प्रतिपालकांना दत्तक मागता येत नसे. दत्तक नियमावली २०२२ आणि त्यापाठोपाठ २०२४ ची प्रतिपालकत्वाची आदर्श मार्गदर्शक तत्त्वे यांनी ही मुदत दोन वर्षांवर आणली. मूल सलग दोन वर्षे त्याच घरात असेल आणि कायद्याने मोकळे असेल, तर रांगेतल्या इतरांआधी त्याच कुटुंबाला पसंती मिळते. २०२४ च्या तत्त्वांनी अविवाहित, विधवा आणि घटस्फोटित व्यक्तींनाही प्रतिपालक होण्याची मुभा दिली. एकट्या पुरुषाला मुलगी मात्र दत्तक मिळत नाही. जोडपे असेल तर लग्नाला किमान दोन वर्षे झालेली असावीत आणि मूल व पालक यांच्या वयात किमान २५ वर्षांचे अंतर असावे. प्रतिपालकांनाही ‘कारा’च्या पोर्टलवर नाव नोंदवावे लागते आणि घरभेटीचा अहवाल करून घ्यावा लागतो. मूल आधीच घरात आहे म्हणून ही पायरी गाळता येत नाही.

मोठ्या मुलाविषयी जी शंका घेतली जाते, तिचा इथे विचार करायला हवा. ‘कळत्या वयाचे लेकरू रुळत नाही’ असे सर्रास म्हटले जाते. खानदेशाला लागूनच असलेल्या मालेगाव तालुक्यातल्या कवळाणे गावचा गोपाळ गायकवाड २७ मे १८७५ रोजी बडोद्याच्या महाराणी जमनाबाईंच्या मांडीवर दत्तक गेला, तेव्हा तो बारा वर्षांचा होता आणि त्याला लिहिता-वाचता येत नव्हते. पुढे तोच महाराजा सयाजीराव झाला आणि त्याने आपल्या राज्यात प्राथमिक शिक्षण सक्तीचे केले. कागलच्या घाटग्यांचा यशवंत मार्च १८८४ मध्ये कोल्हापूरला दत्तक गेला तो दहाव्या वर्षी. तेच राजर्षी शाहू. ही दत्तके गादीला वारस हवा म्हणून झाली, मुलाला घर हवे म्हणून नव्हे, आणि राजवाड्याची उदाहरणे शेतकऱ्याच्या घराला जशीच्या तशी लागू पडत नाहीत. तरी दहा-बारा वर्षांचे मूल नव्या घरात मुळे धरू शकते, एवढे त्यांनी दाखवले आहे. त्याला अनोळखी घरात एका दिवसात आणून सोडले, तर ते बिथरते. संगोपनातून दत्तकाकडे जाणाऱ्या मुलाला तो धक्का बसत नाही. घर तेच, चूल तीच, शाळा तीच. बदलतो तो कागद. हिंदू दत्तक कायदा १९५६ प्रमाणे पंधरा वर्षे पूर्ण झालेले मूल रूढीचा अपवाद वगळता दत्तक देता येत नाही. बाल न्याय कायद्याखाली ही मर्यादा अठरा वर्षे आहे. म्हणून तेरा-चौदाव्या वर्षी ‘आता उशीर झाला’ असे समजण्याचे कारण नाही. मोठ्या मुलाला मात्र स्पष्ट शब्दांत विचारलेच पाहिजे. आईची आठवण काढणे म्हणजे या घराशी बेइमानी नव्हे, हे त्याला प्रतिपालकांच्या तोंडून ऐकायला मिळावे.

जामनेरकडे या सगळ्यांत सातबाऱ्याचा प्रश्न हमखास निघतो. वारलेल्या बापाच्या जमिनीवर मुलीचे नाव लागलेले असते आणि दत्तक गेली की ते कमी होईल, असे चुलते सांगतात. कधी भीती म्हणून सांगतात, कधी इच्छा म्हणून. कायदा याबाबत निःसंदिग्ध आहे. दत्तकानंतर मूल नव्या पालकांचे जन्मजात अपत्य ठरते आणि आधीच्या कुटुंबाशी असलेले कायदेशीर नाते संपते. पण दत्तकाआधी त्याच्या नावे आलेली मालमत्ता, तिच्यावरच्या बोजांसह, त्याचीच राहते. बाल न्याय कायद्याच्या कलम ६३ मध्ये आणि हिंदू दत्तक कायद्याच्या कलम १२ मध्ये हेच सांगितले आहे. म्हणून वारसनोंद झाली नसेल, तर ती तलाठ्याकडे दत्तकाआधी करून घ्यावी.

दत्तकाचा आदेश देण्याचा अधिकार १ सप्टेंबर २०२२ पासून न्यायालयाऐवजी जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे देण्यात आला. या बदलाला आव्हान दिले गेल्यावर मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयांपुढची प्रलंबित प्रकरणे वर्ग करण्यास अंतरिम स्थगिती दिली. त्यामुळे अर्ज कोणापुढे जायचा हे जळगावच्या कक्षातूनच विचारून घ्यावे. कायद्यात निकालासाठी दोन महिन्यांची मुदत आहे. आदेशानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, घराची पाहणी होते. आदेशाच्या आधारे जन्म-मृत्यू निबंधक दत्तक पालकांच्या नावाचा जन्मदाखला देतात. शाळेच्या जनरल रजिस्टरमधले आडनाव त्या दाखल्यावर बदलते, मुख्याध्यापकांना घातलेल्या विनंतीवर नाही. तोवर पहूरच्या मुलीचे शाळेतले नाव आहे तेच ठेवावे. पालक म्हणून सही करण्याचा आणि दवाखान्यात संमती देण्याचा प्रश्न समितीच्या प्रतिपालकत्वाच्या आदेशाने त्याआधीच सुटतो.