हिवाळ्यातील काशी

हिवाळ्यात उत्तरेकडे प्रवासाला निघालेल्या माणसाचे मन सहसा बर्फाकडे धावते. गुलमर्गच्या उतारावरून घसरत जावे, गोठलेल्या सरोवराच्या काठी उभे राहावे, मूठभर बर्फ हातात घेऊन पाहावा, अशी हौस सह्याद्रीच्या मुलखात वाढलेल्या माणसाला वाटली तर नवल नाही. काशीत यांपैकी काहीही नाही. तेथे बर्फ पडत नाही. पौष-माघातील रात्री पारा ८-१० अंशांपर्यंत, क्वचित त्याहूनही खाली उतरतो, इतकेच. तरी काशी पाहावी ती हिवाळ्यात, आणि त्या ऋतूतील तिची पुष्कळशी शोभा त्या दूरच्या बर्फाळ मुलखाकडूनच आलेली असते.

पहिली गोष्ट घाटांची. पावसाळ्यात गंगा इतकी चढते की घाटांच्या खालच्या पायऱ्या दिसेनाशा होतात आणि एका घाटावरून दुसऱ्यावर जाण्याची वाट बंद पडते. पाऊस सरतो, हिमालयातील बर्फही वितळेनासा होतो, आणि पाणी ओसरू लागते. मागे राहिलेला गाळाचा जाड थर पंपाच्या पाण्याने धुऊन काढावा लागतो. मार्गशीर्षापर्यंत अस्सीपासून राजघाटापर्यंतची ६-७ किलोमीटरांची वाट पायी चालण्याजोगी होते. गंगा येथे उत्तरवाहिनी आहे, नगर पश्चिम तीरावर आहे आणि समोरच्या तीरावर केवळ वाळवंट. त्यामुळे सकाळचे कोवळे ऊन आडकाठीवाचून थेट पायऱ्यांवर येते. थंडीत या उन्हाची किंमत फार.

मराठी माणसाने ही वाट घाईने चालू नये. अहल्याबाई होळकरांचा घाट लागतो. त्याला लागूनच दशाश्वमेध, ज्याच्या बांधणीशी नानासाहेब पेशव्यांचे नाव जोडलेले आहे. मणिकर्णिका ओलांडली की शिंद्यांचा घाट येतो. १८३० च्या सुमारास बायजाबाई शिंद्यांनी तो बांधविला; पण दगडी काम इतके अवजड झाले की घाटाचा भाग नदीत खचला. जवळच एका बाजूला कललेले रत्नेश्वराचे देऊळ आहे. पावसाळ्यात त्याचा गाभारा पाण्याखाली जातो. पाणी उतरल्यावर त्याचे कोरीव काम जवळून पाहता येते. पुढे नागपूरकर भोसल्यांचा घाट, आणि बालाजी घाट. या घाटावरील बालाजीच्या देवळात बिस्मिल्ला खाँसाहेबांनी सनईचा रियाज केला.

त्यानंतर पंचगंगा. येथून दुर्गाघाट, ब्रह्माघाटापर्यंतच्या गल्ल्या म्हणजे काशीतील जुनी मराठी वस्ती. अहल्याबाईंची दगडी हजारी दीपमाळ येथेच आहे. कार्तिकात वेळूच्या उंच काठ्यांवर विणलेल्या टोपल्या चढवून त्यांत आकाशदिवे लावतात, आणि कार्तिकी पौर्णिमेस दीपमाळेसह सारे घाट उजळतात. शके १४९५ मध्ये, म्हणजे इ.स. १५७३ साली, याच पौर्णिमेला एकनाथांनी आपली भागवतावरील टीका वाराणसीत पूर्ण केली. देवदिवाळीची गर्दी अलीकडे अफाट वाढली आहे. ज्याला आकाशदिवे निवांतपणे पाहायचे असतील, त्याने पौर्णिमेच्या आठवडाभर आधी जावे.

डिसेंबर-जानेवारीत धुके पडते. वायव्येकडून येणारी थंडीची वादळे हिमालयावर बर्फ आणि मैदानात थोडा पाऊस टाकून जातात. मागोमाग आकाश निरभ्र होते, वारा पडतो, रात्री ओली जमीन झपाट्याने निवते आणि तिच्यालगतच्या हवेतील बाष्प गोठून न जाता सूक्ष्म थेंबांच्या रूपाने तरंगत राहते. मग आगगाड्या तासन् तास उशिरा येतात आणि दाट धुक्यात नावा बंद ठेवाव्या लागतात. परतीचा प्रवास बेताबेताने ठरविणाऱ्याची येथे फार गैरसोय होते. एक दिवस हाताशी राखून ठेवावा. धुक्यातही नाव पुढे काढण्याचा आग्रह नावाड्याला कधीही करू नये. समोरून येणारी यांत्रिक होडी अगदी जवळ येईपर्यंत दिसत नाही.

धुके विरळ झाले की पाण्यावर पांढऱ्या पक्ष्यांचे थवे दिसतात. कोकण किनाऱ्यावर ज्यांना कुरव म्हणतात, त्यांचेच हे भाईबंद. नावाडी त्यांना सरसकट 'सायबेरियाचे पक्षी' म्हणतात. पण त्यांपैकी तपकिरी डोक्याच्या कुरवाचे माहेर बरेच जवळ आहे. लडाख आणि तिबेटच्या पठारावर १४-१५ हजार फुटांवर जी सरोवरे आहेत, तेथे तो उन्हाळ्यात घरटी करतो. ती सरोवरे गोठू लागली की हिमालय ओलांडून तो मैदानात उतरतो. हिवाळ्यात त्याच्या डोक्याचा तपकिरी रंगही जातो आणि डोळ्यामागे काळसर ठिपका तेवढा उरतो. समोरच्या वाळवंटावर चक्रवाकांची जोडपी दिसली, तर तीही त्याच सरोवरांकडची असू शकतात. म्हणजे प्रवासी जे गोठलेले सरोवर पाहायला निघणार होता, तेथील रहिवासीच येथे उतरलेले असतात.

या पक्ष्यांची मात्र एक उपेक्षा होते, आणि ती कौतुकापोटी होते. घाटावर शेवेच्या पुड्या विकत मिळतात; पाहुणे ती मुठीमुठीने उधळतात, पक्षी नावेभोवती झेपावतात, छायाचित्रे छान येतात. मासे आणि किडे खाणाऱ्या पाखराला तळलेले, खारट बेसन हे अन्न नव्हे. नाव थोडी दूर उभी करून पाहिले तर तो स्वतः मासा कसा टिपतो हे दिसते, आणि ते अधिक पाहण्यासारखे आहे.

नावेतून उतरल्यावर चौखंब्याच्या बाजूच्या गल्ल्यांत मलइयो मिळतो. तापविलेले दूध रात्रभर उघड्यावर दवात ठेवतात, पहाटे ते घुसळतात आणि वर येणारा फेस काढून त्यात साखर, केशर, वेलची घालतात. विकणारे सारे श्रेय दवाला देतात. खरे काम थंडी करते. गारठ्याने दुधातील स्निग्धांश घट्ट होतो आणि फेसाचे बुडबुडे धरून ठेवतो. ऊन तापले की फेस बसतो, म्हणून सकाळीच जावे. मातीच्या कुल्हडातील हा पिवळसर फेस जिभेवर ठेवताच नाहीसा होतो. तळाशी फेस संपल्यावर विक्रेता त्यात केशरी दूध ओततो. ते न घेता उठणे हा येथील रिवाजाचा भंग समजावा.

संध्याकाळी घाटोघाट शेकोट्या पेटतात आणि अनोळखी माणसालाही बसायला जागा मिळते. कोळशाची शेगडी मात्र बंद खोलीत घेऊन निजू नये. तिच्यातून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपेतच प्राण जातात. वयस्कर यात्रेकरूंनी माघस्नान पहाटेच्या गारठ्यात न करता ऊन पायऱ्यांवर आल्यावर करावे. नदी तीच असते.

महाशिवरात्रीच्या सुमारास मलइयोची हंडी दिसेनाशी होते. पुढे उष्मा वाढला की कुरवांच्या डोक्यावर पुन्हा तपकिरी रंग चढू लागतो आणि ते उत्तरेची वाट धरतात.