दारू सोडलेला धनी आणि त्याचा कुत्रा

इंदुरात संध्याकाळ लवकर संपत नाही. सराफ्यातील सोन्याचांदीची दुकाने बंद झाली की त्यांच्याच पायऱ्यांपुढे खाद्यपदार्थांची दुकाने मांडली जातात आणि मध्यरात्र उलटली तरी गर्दी हटत नाही. अशा शहरात उशिरा घरी येणारा मनुष्य नुसता खाऊन आला आहे की पिऊन आला आहे, हे दार उघडण्यापूर्वी घरात एकालाच कळते. तो म्हणजे घरचा कुत्रा. रामबागेत असो की लोकमान्यनगरात, ज्या घरात दारूने ठाण मांडले आहे तेथील कुत्रा जिन्यावरचे पाऊल ऐकूनच शेपूट हलवायचे की पलंगाखाली शिरायचे, हे ठरवून मोकळा होतो. पुढे एके दिवशी तोच मनुष्य दारू सोडतो. घरातली माणसे देवापुढे दिवा लावतात. कुत्रा काय करतो, हा आजच्या भाषणाचा विषय आहे.

माळव्याला व्यसन नवे नाही. एकोणिसाव्या शतकात येथली अफू इंदूरच्या व्यापाऱ्यांच्या हातून मुंबई बंदरात आणि तेथून चीनला जात असे; मंदसोर-नीमच भागात परवान्याने अफूची लागवड आजही होते. १ एप्रिल २०२५ पासून मध्य प्रदेश शासनाने उज्जैन, महेश्वर, ओंकारेश्वर आदी तीर्थक्षेत्रांत दारूविक्री बंद केली. त्याच उज्जैनच्या कालभैरवाला मद्याचा नैवेद्य दाखवितात आणि भैरवाचे वाहन कुत्रा आहे, हा योग मोठा विलक्षण म्हटला पाहिजे! घरचा कुत्रा मात्र मद्याकडे भक्तीने पाहत नाही आणि तिरस्कारानेही पाहत नाही. त्याच्या लेखी मद्य म्हणजे एक वास, आणि त्या वासामागून काय घडते याची आठवण.

ही आठवण कशी बनते, हे रशियन शास्त्रज्ञ पावलॉव्ह ह्यांनी कुत्र्यांवरच प्रयोग करून दाखविले. खाणे देण्यापूर्वी दरवेळी एखादी खूण दिली, तर पुढे नुसत्या त्या खुणेनेच कुत्र्याच्या तोंडाला पाणी सुटते. ही गोष्ट शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. तिचा उत्तरार्ध मात्र फारसा कोणी सांगत नाही. खूण देत राहिले आणि खाणे दिलेच नाही, तर हळूहळू पाणी सुटणे थांबते; परंतु काही काळ मध्ये जाऊ देऊन पुन्हा तीच खूण दिली, तर थांबलेली सवय अकस्मात परत उठते. म्हणजे शिकलेले पुसले जात नाही. त्याच्यावर नवे शिकणे येऊन बसते, इतकेच. दारू सोडणाऱ्याच्या मनाचाही हाच न्याय आहे, हे जाणत्या श्रोत्यांच्या ध्यानात आले असेलच.

ह्या न्यायाने पाहिले म्हणजे एका नेहमीच्या दुःखाचा उलगडा होतो. पुण्यात डॉ. सुनंदा आणि डॉ. अनिल अवचट ह्यांनी १९८६ साली सुरू केलेल्या ‘मुक्तांगण’सारख्या केंद्रात महिनाभराहून अधिक काळ राहून मनुष्य घरी परततो. त्याचे हात स्थिर झालेले असतात, चेहऱ्यावर तेज आलेले असते. तो मोठ्या उमेदीने कुत्र्याला हाक मारतो. कुत्रा दोन पावले पुढे येतो, अंग चोरतो आणि मागे सरतो. बायकोने अविश्वास दाखविला असता तर मनुष्याने कदाचित समजून घेतले असते. मुक्या जनावराचे मागे सरणे त्याला काळजात लागते. ‘ह्यालाही मी नकोसा झालो’ असे त्याला वाटते, आणि सावरण्याच्या आरंभीच्या दिवसांत असले वाटणे धोक्याचे असते.

वस्तुतः कुत्र्याने त्याच्याविषयी कोणताही निवाडा दिलेला नसतो. वर उचललेला हात, कर्कश झालेला आवाज, दाराची कडी जोराने आपटणे, ह्या खुणांशी त्याच्या लेखी लाथ जोडली गेलेली आहे. हात आता प्रेमाने उचलला आहे, ही गोष्ट त्याला एका दिवसात कळावयाची नाही. मनुष्याची क्षमा एका शब्दाने होऊ शकते; कुत्र्याला तो शब्द समजत नाही, त्याला तोच हात शंभर वेळा न मारता खाली आलेला दिसावा लागतो.

ह्याच्या उलट प्रकारही घडतो आणि तो अधिक चमत्कारिक आहे. सगळेच मद्यपी कुत्र्यांना मारीत नाहीत. किती तरी जण पिण्याच्या वेळी कुत्र्याला जवळ घेऊन बसतात, त्याच्याशी गुजगोष्टी करतात, बशीतली शेव आणि मटणाचा तुकडा त्याच्यापुढे टाकतात. अशा कुत्र्याच्या आयुष्यातली ती सर्वांत सुखाची घटका असते. धन्याने बाटली सोडली की कुत्र्याचे हे सुख अकस्मात नाहीसे होते. तो ठरल्या वेळी त्या जुन्या खुर्चीपाशी येऊन बसतो, वर पाहतो, कुंकूं करतो. बिचाऱ्याला शेव हवी असते; पण धन्याच्या मनात त्याच्या बसण्याने ती घटका जागी होते. घरच्यांनी खुर्ची हलवावी, आणि त्याच वेळी कुत्र्याला दुसरीकडे, दुसऱ्या कोणी खायला घालावे. उपाय क्षुल्लक दिसतो, पण तो करण्यासारखा आहे.

वासासंबंधी गेल्या काही वर्षांत उत्तम संशोधन झाले आहे. २०२२ साली बेलफास्टच्या क्वीन्स विद्यापीठात ३६ माणसांना अवघड तोंडी हिशेब करावयास लावून, त्याआधीचे आणि नंतरचे त्यांचे घाम व श्वासाचे नमुने ४ कुत्र्यांपुढे ठेवले. ताणाचा नमुना त्यांनी शंभरातून सुमारे ९४ वेळा अचूक निवडला. २०२४ साली ब्रिस्टल विद्यापीठाने १८ कुत्र्यांवर प्रयोग केला. त्यात असे दिसले की, परक्या माणसाच्या ताणाचा वास आला असता, ज्या भांड्यात खाणे असेल की नाही याची शंका आहे त्या भांड्याकडे जाण्यास कुत्री अधिक कचरतात. स्वीडनमधील लिंकोपिंग विद्यापीठाने २०१९ साली ५८ कुत्री आणि त्यांचे धनी ह्यांच्या केसांतील कॉर्टिसॉल ह्या द्रव्याचे मोजमाप प्रसिद्ध केले. धन्याचा दीर्घकाळचा ताण कुत्र्याच्या केसांतही उमटलेला आढळला. हे प्रयोग व्यसनी माणसांवर केलेले नव्हते. तरीही त्यांवरून एक अनुमान काढता येते. दारू सोडल्यावरच्या पहिल्या दिवसांत मनुष्याला घाम फुटतो, झोप येत नाही, हात कापतात. तेव्हा दारूचा वास गेला तरी ताणाचा वास वाढलेला असतो. त्या दिवसांत कुत्रा बेचैन दिसला तर नवल नाही. (फार पिणाऱ्याने दारू एकाएकी आणि घरच्या घरी सोडू नये; झटके येऊन जीव जाण्याचा संभव असतो. हे काम डॉक्टरांच्या देखरेखीखालीच व्हावे.)

मग मैत्री पुन्हा जुळते कशी? बहुधा फिरण्याने. जपानमधील संशोधकांनी २०१५ साली दाखविले की, कुत्रा आणि धनी एकमेकांकडे टक लावून पाहतात तेव्हा दोघांच्याही शरीरात ऑक्सिटोसिन हे स्नेहाचे द्रव्य वाढते. पण भ्यालेल्या कुत्र्याच्या डोळ्यांत डोळे घालून पाहणे म्हणजे त्याला धमकावणे होय. त्याच्या शेजारून चालणे अधिक बरे. कॅथॉलिक बायबलातील तोबिताच्या ग्रंथात तरुण तोबिया दूरच्या प्रवासाला निघतो तेव्हा कुत्रा त्याच्यामागून जातो, आणि परतीच्या वाटेवरही तो असतो. त्याने वाटेत काय केले, हे ग्रंथकाराने एका शब्दाने सांगितलेले नाही.

फिरण्याची वाट मात्र नवी असावी. जुन्या वाटेवर कलालीचे वळण असते. तेथे धनी आत बसला असता बाहेर बांधलेल्या कुत्र्याला भजी मिळालेली असतात. कुत्रा आपण होऊन साखळी त्या वळणाकडे ओढतो आणि धनी पाहता पाहता दुकानासमोर उभा राहतो.

आता एक नाजूक गोष्ट. कुत्र्याला वास कळतो हे ठाऊक झाल्यामुळे काही घरांत त्याला पोलीस नेमण्यात येते. कुत्रा मागे सरला की बायको-मुले एकमेकांकडे पाहतात: आज पुन्हा घेतलेली दिसते. न्यूयॉर्कच्या बर्नार्ड कॉलेजातील अलेक्झांड्रा होरोविट्झ ह्यांनी २००९ साली दाखविले की, कुत्र्याच्या मुद्रेवर आपण जो ‘अपराधी’ भाव वाचतो तो त्याने अपराध केला की नाही यावर नव्हे, तर धनी रागावला की नाही यावर अवलंबून असतो. ज्यांना कुत्र्याचा स्वतःचा अपराध त्याच्या तोंडावरून वाचता येत नाही, त्यांनी धन्याचा अपराध त्यावरून वाचू नये. कुत्रा ज्या दिवशी मागे सरतो त्या दिवशी धन्याचे कचेरीत भांडण झालेले असू शकेल, त्याला ताप भरलेला असू शकेल. किंवा दारूच्या दुकानापुढे क्षणभर थांबून, घामाघूम होऊन, तो तसाच न पिता घरी आलेला असू शकेल.