पुस्तकाच्या बदल्यात वाचन

ज्या समाजाला शतकानुशतके अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्या समाजाने अक्षर हाती येताच त्याचे शस्त्र केले, हा आपला इतिहास आहे. तो पुन्हा सांगण्याचे येथे प्रयोजन नाही. प्रश्न वेगळा आहे. पुस्तक लिहिले गेले, छापले गेले, त्यावर परिसंवाद झडले. परंतु ते ज्याच्यासाठी लिहिले गेले त्याच्या हातात ते कोणी ठेवले? लेखकाची जबाबदारी, समीक्षकाची जबाबदारी यांवर आपण पुष्कळ बोलतो. पुस्तक एका हातातून दुसऱ्या हातात नेणाऱ्याच्या जबाबदारीबद्दल मात्र फार थोडे बोलले जाते. हे काम कोणा विद्वानाचे नाही. शिक्षक, वसतिगृहातील विद्यार्थी, वस्तीत काम करणारा कार्यकर्ता यांपैकी कोणालाही ते करता येते. ते कसे करावे, याचा विचार येथे करावयाचा आहे.

(१)

बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सर्वांना ठाऊक आहे. त्यांच्या सत्काराच्या सभेत कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी स्वतः लिहिलेले गौतम बुद्धाचे चरित्र त्यांना भेट दिले. या प्रसंगाकडे आपण बहुधा भाविकतेने पाहतो. तो थोडा चिकित्सकपणे पाहावा. चर्नी रोडच्या बागेत वाचत बसणाऱ्या मुलाला केळुसकर ओळखत होते. त्याची वाचनाची भूक त्यांनी पाहिली होती. म्हणजे पुस्तक देण्याआधी त्यांनी वाचक पाहिला होता. दिलेले पुस्तक परीक्षेच्या उपयोगाचे नव्हते. आणि त्याच्या बदल्यात त्यांनी काही मागितलेही नाही. मुलाच्या पुस्तकांसाठी रामजी सुभेदार आपल्या लेकींकडून पैसे उसने आणीत, प्रसंगी त्यांचा दागिना गहाण ठेवीत, हे लक्षात घेतले म्हणजे त्या भेटीचे मोल कळते. बुद्धाकडे आपले लक्ष प्रथम या पुस्तकामुळे वळले, हे पुढे स्वतः बाबासाहेबांनी लिहून ठेवले आहे.

व्यक्तीच्या औदार्यावर समाज उभा राहत नाही, हेही बाबासाहेब जाणून होते. २० जुलै १९२४ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन झाली. तिच्या उद्दिष्टांत वसतिगृहांबरोबरच वाचनालये आणि अभ्यासमंडळे काढण्याचा स्पष्ट उल्लेख होता. राहण्याची सोय आणि वाचण्याची सोय या दोन्ही गोष्टी त्यांनी एकाच कार्यक्रमात बसविल्या. पुढे १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळाने आपली परिषदच रद्द केली, तेव्हा तेथे करावयाचे भाषण बाबासाहेबांनी स्वखर्चाने छापले. त्याच्या १५०० प्रती दोन महिन्यांत संपल्या. व्यासपीठ नाकारले गेले तरी विचार वाचकापर्यंत पोहोचला, तो पुस्तकाच्या रूपाने.

(२)

आज विनामूल्य पुस्तक कोठे मिळते? पूर्वीपेक्षा पुष्कळ ठिकाणी मिळते. पण माहिती नसल्याने ते मिळूनही न मिळाल्यासारखे होते. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रसिद्ध केलेल्या बाबासाहेबांच्या इंग्रजी लेखन व भाषणांचे खंड भारत सरकारच्या परराष्ट्र मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कोणालाही उतरवून घेता येतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने आपली अनेक प्रकाशने संकेतस्थळावर मोफत ठेवली आहेत. मराठी विश्वकोश तसाच खुला आहे. ‘इंटरनेट आर्काइव्ह’वर जुन्या मराठी ग्रंथांच्या छायाप्रती मोठ्या संख्येने आहेत. ज्याच्या हाती साधा मोबाइल आहे त्याच्या हाती हे सारे आहे, असे म्हणता येईल.

परंतु एवढ्यावर समाधान मानता येत नाही. सहाशे पानांचा खंड मोबाइलच्या पडद्यावर वाचणे सोपे नाही, आणि ज्या घरात चौघांत एक मोबाइल आहे तेथे तर ते अशक्यच. छापील प्रतीची गरज संपलेली नाही. बाबासाहेबांच्या साहित्याच्या छपाईचे काम रखडल्याच्या बातमीची दखल डिसेंबर २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाला स्वतःहून घ्यावी लागली, हे विसरता कामा नये. म्हणून ज्याच्याजवळ सोय आहे त्याने एखाद्या ग्रंथातील पंधरा-वीस पाने छापून, टाचून वस्तीत फिरवावीत. एक प्रकरण पुरे वाचले गेले तर पुढचे मागायला वाचक आपण होऊन येतो.

दुसरे ठिकाण सार्वजनिक ग्रंथालय. १९६७ च्या महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायद्याने ग्रंथालयांना शासकीय अनुदान मिळते. हा पैसा जनतेचा आहे. तरीही ग्रंथालय गावाच्या कोणत्या आळीत आहे, किल्ली कोणाकडे आहे आणि कपाटात कोणाची पुस्तके आहेत, हे प्रश्न सुटलेले नाहीत. तेथे ‘बलुतं’ किंवा ‘जिणं आमुचं’ नसेल तर कुरकुर करून उपयोग नाही. दहा वाचकांनी सह्या करून पुस्तकाची लेखी मागणी नोंदवावी व पोच घ्यावी. लेखी मागणी टाळणे सोपे नसते.

तिसरे ठिकाण म्हणजे ६ डिसेंबरची चैत्यभूमी आणि नागपूरची दीक्षाभूमी. तेथील पुस्तके विनामूल्य नसली तरी स्वस्त असतात, आणि आपले छोटे प्रकाशक या विक्रीवरच तग धरून असतात. जमल्यास एकाच पुस्तकाच्या दोन प्रती घ्याव्यात, एक घरासाठी आणि एक फिरण्यासाठी.

(३)

विनामूल्य म्हणजे बेवारस नव्हे. १९५७ च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार लेखकाच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या साहित्यावरील हक्क त्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो आणि ही मुदत मृत्यूनंतरच्या वर्षारंभापासून मोजतात. जोतीराव फुले यांचे साहित्य केव्हाच सर्वांचे झाले आहे. बाबासाहेबांनी हयातीत प्रसिद्ध केलेले लेखन १ जानेवारी २०१७ पासून मुक्त झाले. अण्णाभाऊ साठे यांचे निधन १९६९ चे. त्यांच्या पुस्तकांवरील हक्क २०२९ अखेरपर्यंत आहे. अनुवादावर अनुवादकाचा हक्क स्वतंत्र असतो. मूळ ग्रंथ मुक्त झाला म्हणजे त्याचा मराठी अनुवादही मुक्त झाला, असे समजू नये.

हयात दलित लेखकाच्या नव्या पुस्तकाची पीडीएफ मोबाइलवरून शंभर जणांना पाठविणारा मित्र स्वतःला प्रसारक समजतो. प्रत्यक्षात तो त्या लेखकाचे पुढचे पुस्तक निघणे अवघड करून ठेवतो. याउलट विकत घेतलेली छापील प्रत दुसऱ्याला वाचायला देणे, भेट देणे, बदलून घेणे किंवा विकणे याला कायद्याची आडकाठी नाही. पुस्तकांची अदलाबदल हा लेखकावर अन्याय न करता वाचक वाढविण्याचा मार्ग आहे.

(४)

मात्र अदलाबदलीच्या रूढ कल्पनेत एक दोष आहे आणि तो आपणच दाखविला पाहिजे. एक पुस्तक द्या, एक पुस्तक न्या, हा नियम वरवर न्याय्य वाटतो. पण बदलून घेण्यासाठी आधी जवळ काही असावे लागते. ज्याच्या घरात पुस्तकांचे कपाट आहे त्याला दुसऱ्याचे कपाट खुले होते. ज्याच्या घरात एकही पुस्तक नाही तो दाराबाहेरच राहतो. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या संपत्ती आणि विद्या दोन्ही नाकारल्या गेल्या, त्यांच्यासमोर असा नियम ठेवणे म्हणजे जुनीच विषमता नव्या नावाने चालविणे होय.

म्हणून आपल्या अदलाबदलीचा नियम वेगळा असावा : पुस्तकाच्या बदल्यात वाचन. ज्याने पुस्तक नेले त्याने ते वाचून परत आणावे आणि त्याविषयी चार वाक्ये सांगावीत किंवा वहीत लिहावीत. हीच त्याची किंमत. ज्याला लिहिता येत नाही त्याला दुसऱ्याने वाचून दाखवावे आणि त्याचे मत लिहून घ्यावे. वस्तीतील एखाद्या आजीने ऐकलेल्या कथेवर दिलेला अभिप्राय समीक्षेपेक्षा कमी मोलाचा नसतो.

व्यवस्था अगदी साधी ठेवावी. दहा जणांनी प्रत्येकी तीन पुस्तके दिली की तीस पुस्तकांची पेटी होते. एक वही घालावी. तीत पुस्तकाचे नाव, नेणाऱ्याचे नाव, नेल्याची तारीख आणि अभिप्राय एवढे चार रकाने पुरेत. मुदत तीन आठवडे असावी. पेटी एकाच घरी कायम ठेवू नये. दर तीन महिन्यांनी घर बदलावे, आणि त्यांत स्त्रियांना सहज जाता येईल असे घर अवश्य असावे. हरवलेल्या पुस्तकासाठी दंड लावू नये, कारण दंडाच्या भीतीने पहिल्यांदा वाचणारा माणूस पुस्तकाला हातच लावीत नाही. पेटी सगळी वाचून झाली की शेजारच्या वस्तीतील पेटीशी बदलावी. बडोदा संस्थानात सयाजीराव महाराजांच्या काळी पुस्तकांच्या फिरत्या पेट्या गावोगाव जात असत. नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानचा ‘ग्रंथ तुमच्या दारी’ हा उपक्रमही पेट्यांच्या फिरण्यावरच चालतो.

(५)

आता पुस्तक सुचविण्याविषयी. मित्राने विचारले की आपण त्याच्यापुढे पंचवीस नावांची यादी टाकतो. त्यात आपले वाचन किती आहे हे दिसते, मित्राला मात्र काही मिळत नाही. एका वेळी एकच पुस्तक सुचवावे. ते का सुचविले हे सांगावे. शक्य तर त्यातले एक पान त्याच्यासमोर मोठ्याने वाचावे.

पुस्तक निवडताना आपल्या आवडीपेक्षा त्याचा प्रश्न पाहावा. जमीन आणि कर्ज यांत पिचलेल्या शेतकऱ्याच्या मुलाला फुल्यांचा १८८३ चा ‘शेतकऱ्याचा असूड’ आपला वाटेल. शिक्षकाला त्यांनी १८८२ साली हंटर आयोगापुढे केलेले निवेदन द्यावे. प्राथमिक शिक्षणावरील आजचे कितीतरी वाद त्याला त्यात भेटतील. गोष्ट आवडणाऱ्या कामगाराला ‘फकिरा’ द्यावी, मग बाबूराव बागूल यांच्या ‘जेव्हा मी जात चोरली होती’कडे न्यावे. शहरात शिकायला आलेल्या मुलीला ऊर्मिला पवार यांचे ‘आयदान’ किंवा बेबी कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’ द्यावे, कारण आपल्यातही स्त्रीचे दुःख दुसऱ्या क्रमांकावर ठेवले जाते, हे तिला आपण न सांगताही ठाऊक असते. सवर्ण मित्राला पुस्तक देताना संकोचू नये. नुसती हळहळ निर्माण करणाऱ्या पुस्तकावर मात्र थांबू नये. ‘बलुतं’ वाचून तो हळहळला, तर पुढचे पुस्तक ‘जातिसंस्थेचे निर्मूलन’ असावे. दुःख वाचून झाल्यावर त्याची कारणे वाचलीच पाहिजेत.

आणि आपल्या माणसाला सदैव वेदनेचेच पुस्तक देऊ नये. विज्ञान, प्रवास, कायदा, विनोद, बालसाहित्य यांवर आपलाही हक्क आहे. दलित वाचकाने दलित साहित्यच वाचावे, ही अपेक्षा कितीही सद्‌भावनेने केली तरी ती एक वेशीच ठरते.

तीन आठवड्यांनी मित्राला पुस्तकाबद्दल विचारावे. पण ते परीक्षकासारखे नव्हे. त्याला पुस्तक आवडले नसेल तर का, हे ऐकावे. कदाचित आपली निवड चुकली असेल, कदाचित पुस्तकच कमी पडले असेल. वाचकाला नापसंतीचा अधिकार नाही तेथे पुस्तकाची पोथी होते, आणि पोथ्यांचा अनुभव आपल्याला पुरेसा आहे.

कोणत्याही वस्तीत पाच कुटुंबे आणि एक रिकामी पेटी एवढ्यावर हे काम सुरू होऊ शकते. त्यासाठी अनुदान, इमारत किंवा उद्‌घाटक लागत नाही. आपल्या कपाटात वाचून झालेली पुस्तके आहेत. ती वाट पाहत असलेला वाचक आपल्याच गल्लीत आहे. या दोघांची गाठ घालणे हेही चळवळीचेच काम आहे.