औषधसेवनकाल आणि घराचे भान

बेंबळीस एकट्या राहणाऱ्या एखाद्या वृद्ध रुग्णाचे उदाहरण घेऊ. पुण्यास नोकरी करणाऱ्या मुलाने त्यांच्या मोबाईलवर औषधाची घंटा लावून दिलेली असते. दुपारी एक वाजता ती वाजते. परंतु शेतावरून येऊन जेवायला बसेपर्यंत अडीच वाजतात. भोजनापूर्वीचे औषध वेळेवर घेतले जाते, काल मात्र चुकतो.

शार्ङ्गधराचार्यांनी औषधसेवनाचे पाच काल सांगितले आहेत. अपान विगुण असता भोजनापूर्वी, समान असता भोजनाच्या मध्ये, व्यान असता भोजनानंतर औषध द्यावे, ही त्यांची व्यवस्था घड्याळावर नव्हे, तर रुग्णाच्या भोजनावर आधारलेली आहे.

यंत्रांच्या जगातही असाच विचार पुढे आला. घरादारात मिसळून गेलेल्या संगणकाची कल्पना मार्क वायझर यांनी १९९१ साली मांडली. १९९४ साली शिलिट व थाइमर यांनी परिस्थितीचे भान ठेवून आपले वर्तन बदलणाऱ्या संगणकव्यवस्थेचे विवेचन केले. अशा घरात औषधाच्या डबीचे झाकण उघडले काय, स्वयंपाकघरात वावर आहे काय, हे सेन्सर टिपतात आणि त्यानुसार आठवण मागेपुढे सरकते.

परंतु हे भान अपुरे असते. आपल्या तुळजाभवानीच्या मुलखात नवरात्राचे नऊ दिवस उपवास धरणारे रुग्ण पुष्कळ. चूल पेटत नाही म्हणून घर मुकेच राहील. वीज गेल्याने झाकण उघडल्याची नोंद हुकली, तर घेतलेलेच औषध पुन्हा घेण्याची आठवण होईल. अनुसूची ई (१) मध्ये समाविष्ट असलेल्या वत्सनाभासारख्या द्रव्याच्या कल्पाची अशी दुप्पट मात्रा जिवावर बेतू शकते. म्हणून संशय असेल तेथे यंत्राने आज्ञा न करता रुग्णास विचारावे, अथवा आप्तांस कळवावे, असे आमचे मत आहे.

तथापि यंत्रास दोष देण्यापूर्वी आपण आपल्या चिठ्ठ्या पाहाव्यात. ‘दिवसातून दोनदा’ एवढ्यावरून ना मुलास काही कळते, ना यंत्रास. औषध भोजनाच्या आधी की नंतर, उपवासाच्या दिवशी काय करावे, मात्रा चुकल्यास पुढची कशी घ्यावी, हे वैद्यांनी चिठ्ठीत स्पष्ट लिहावे. औषधालयचालकांनी तेच पुडीवर ठळक मराठीत उतरवावे. घर कितीही शहाणे झाले, तरी काल ठरविण्याचे दायित्व वैद्याचेच आहे. ते आपण घड्याळावर सोपविले होते. आता घरावर सोपवू नये.